ऊर्ध्वपातन, दोन भाषांत

मी एक जुनं नरसाळं आहे, मित्रांनो. काचेचं. जबलपूरच्या कांचघर भागात मुलींची एक शाळा आहे. तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या आयुष्यातली सालं मला सांगता येणार नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की कोणत्या वेळी मला कसं ठेवलं होतं. नरसाळं सरळ असतं, उलटं असतं, नाहीतर आडवं असतं. तेव्हा गोष्टही मी तशीच सांगणार. क्रम मोडेल. सांभाळून घ्या.

आडवं

आत्ता मी आडवा पडलेलो आहे. काठाचा टवका उडाला आहे आणि नळीत कोळ्यानं जाळं विणलं आहे. मधल्या काळात शिपाई माझ्यातून फिनेलच्या बाटल्या भरत असत. तो वास अजून गेलेला नाही. पण लाज मला त्याची वाटत नाही. लाज वाटते ती एका सकाळची. त्या सकाळी मी धुतलेला होतो, पुसलेला होतो, आणि कुणाच्याही उपयोगी पडलो नाही.

सरळ

अंबाल्याच्या कारखान्यात एका कारागिरानं तापलेल्या काचेत फुंकर घातली आणि मी तयार झालो. गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला रेल्वेनं इथं पाठवलं. तेव्हा राज्यांची नवी आखणी होऊन काही वर्षं झाली होती. नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं होतं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं होतं. शाळेत हिंदी वर्ग मोठा होता. मराठी वर्ग लहानसा, पण अजून चालू होता. त्याला शास्त्र शिकवायच्या वसुधाबाई, आणि त्यांचं पुस्तक नागपूरहून आलेलं, मराठी. मराठी मुली मला नरसाळं म्हणत, हिंदी वर्गाच्या मुली कीप. मी दोन्ही नावांना ओ देत असे.

ते माझे चांगले दिवस होते. वसुधाबाई मला लोखंडी कडीत सरळ बसवत. गाळणकागदाची घडी घालून त्याचा शंकू माझ्या पोटात ठेवत आणि वरून वाळू कालवलेलं मिठाचं पाणी ओतत. वाळू कागदावर अडायची, खारं पाणी थेंब थेंब खाली उतरायचं. ते पाणी आटवलं की तळाशी मीठ उरायचं.

"बघा," बाई म्हणत, "मिश्रणात पदार्थ शेजारी शेजारी राहतात, पण कुणी आपला गुण सोडत नाही. वाळू ती वाळूच, मीठ ते मीठच. दोघांचा कोणता गुण वेगळा आहे तेवढा शोधा. तिथूनच त्यांना वेगळं करायचं."

समोर पुष्पा बसायची. घमापुरातून चालत यायची. तिचे वडील तुळशीराम इथल्याच एका कारखान्यात लेथवर काम करत. त्यांनी लेकीला सांगून ठेवलं होतं की अकरावीला शास्त्रात पास झालीस तर नर्सिंगला घालतो, नाहीतर सरळ अकोल्याला आत्याकडे जायचं, तिथं तुझ्या लग्नाचं बघतील. त्यामुळे पुष्पा प्रश्न फार विचारायची.

"बाई, ऊर्ध्वपातनाले हिंदीत काय म्हणतात?"

त्या दिवशी बाईंनी पाणी उकळून, त्याची वाफ गार नळीतून नेऊन, पलीकडे शुद्ध पाण्याचे थेंब पाडून दाखवले होते. आमच्या पुस्तकात त्याला ऊर्ध्वपातन म्हणतात.

"तेच म्हणतात," बाई म्हणाल्या. "संस्कृत शब्द आहे पोरी, त्याला काय हिंदी नि काय मराठी!"

"पण परीक्षेले हिंदीवाले सर येतीन ना?"

"येऊ देत की. अणूला ते अणूच म्हणतात, मिश्रणाला मिश्रणच. तू काहून चिंता करून राहिली?"

बाईंनी तिच्याच बोलीत विचारलं म्हणून मुली हसल्या. पुष्पाही हसली आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

उलटं

ही जागा मी रिकामी ठेवतो. त्या सकाळी मला उलटं ठेवायला हवं होतं. कुणी ठेवलं नाही.

आडवंच

प्रात्यक्षिक परीक्षेला दोन्ही वर्गांच्या मुली एकाच खोलीत होत्या. परीक्षक मुरलीधरजी बाहेरगावचे होते, वयस्कर आणि हळू बोलणारे. पुष्पाच्या टेबलावर मी तिच्या हाताशी आडवा पडलो होतो.

"बेटी, ये नमक और नौसादर का मिश्रण है. ऊर्ध्वपातन से अलग करके दिखाओ."

नौसादर म्हणजे नवसागर, कल्हईवाले वापरतात तो. हे पुष्पाला ठाऊक होतं. ऊर्ध्वपातन तर तिच्या हातचं होतं. तिचा चेहरा खुलला. तिनं मिश्रण चंबूत घातलं आणि वरून पेलाभर पाणी ओतलं.

"पानी किसलिए?" मुरलीधरजींनी विचारलं.

"ऊर्ध्वपातन के लिए, सर."

"ऊर्ध्वपातन में पानी?"

"हाँ सर. भाप बनेगी, फिर ठंडी होगी..."

पलीकडच्या टेबलावरची विनीता फिस्सकन हसली. हिंदी वर्गात ती पहिली यायची. "अरे, इसने तो शरबत बना दिया!"

सगळी खोली हसली.

मित्रांनो, इथं मला थांबून सांगायला हवं. काही पदार्थ तापवले तर वितळत नाहीत. घनाची थेट वाफ होते आणि गार जागा मिळाली की वाफेचा पुन्हा घन होऊन तिथं बसतो. नवसागर तसा आहे, मीठ तसं नाही. म्हणून कोरडं मिश्रण तापवायचं आणि वर मला उलटं ठेवायचं. मराठीत याला संप्लवन म्हणतात. हिंदीत यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. आणि मराठीतलं ऊर्ध्वपातन हिंदीत झालं आसवन. शब्द अक्षरन् अक्षर तोच, काम निराळं. पाणी घातल्यावर मीठही विरघळलं आणि नवसागरही, आता कितीही उकळलं तरी तळाशी दोन्ही एकत्रच उरणार होते. पुष्पाला कुणी 'संप्लवन कर' म्हटलं असतं, तर तिचा हात थेट माझ्याकडे आला असता.

मुरलीधरजी वळले. "बहनजी, आपने इन्हें ऊर्ध्वपातन नहीं पढ़ाया?"

वसुधाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी चंबूतलं पाणी पाहिलं, मग कोरडा पडलेला मी त्यांना दिसलो. काय झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा चेहरा मानेपासून तापत गेला. तरी तोंडातून निघालं ते असं:

"पढ़ाया तो है, सर. ये लड़की ध्यान ही नहीं देती."

पुष्पानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीबाहेर.

"जी सर," पुष्पा म्हणाली. "मैं भूल गई."

उलटं, उशिरानं

मुली बाहेर पडल्या. पुष्पा मोरीवर चंबू घासत राहिली, घासून झाला तरी घासत राहिली. मुरलीधरजी आतल्या लहान खोलीत चहाला बसले होते. वसुधाबाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पदरानं एक स्वच्छ टेबल पुसलं आणि मग एकदम आत गेल्या. दार उघडंच होतं.

"सर, गलती मेरी है. हमारी मराठी में ऊर्ध्वपातन का मतलब आसवन होता है. उसने मुझसे पूछा भी था. मैंने कह दिया, एक ही बात है."

मुरलीधरजींची खुर्ची सरकली.

"तो उसी समय कहतीं, बहनजी."

"शर्म आई, सर. सबके सामने..."

"और वो बच्ची? वो सबके सामने नहीं थी?"

बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. "बुलाइए उसे. दूसरा नमूना देता हूँ."

पुष्पानं कोरडं मिश्रण चिनी मातीच्या बशीत घेतलं, वर भोकं पाडलेला कागद ठेवला, मला उलटं केलं आणि माझ्या नळीच्या तोंडात कापूस खोचला. मंद ज्योतीवर बशी तापू लागली. पांढरा धूर उठला, माझ्या गार भिंतींना लागला आणि तिथंच भुकटी होऊन बसला. खाली बशीत नुसतं मीठ राहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुरेख काम होतं, आणि ते बघायला खोलीत तिघंच होती.

"शाबाश," मुरलीधरजी म्हणाले आणि सही करून गेले.

पुष्पा माझ्या आतला नवसागर खरवडत होती. बाई जवळ आल्या. "पुष्पा, मी सरांना सगळं सांगितलं."

"ऐकलं मी, बाई."

"मग अशी का गप्प?"

"तुमी आत जाऊन सांगितलं." तिनं मान वर केली नाही. "हसल्या तवा त्या साऱ्या इथं होत्या."

आडवं, खिडकीशी

मला वाळत घातलं होतं तिथून अंगण ऐकू यायचं. "ए पानीवाली, ज़रा मटका तो भर दे!" हे नाव विनीतानं ठेवलं आणि ते चिकटलं. पाचवीतल्या चिमुरड्याही तेच ओरडू लागल्या. लेखी परीक्षा तोंडावर आली होती. एका दुपारी पुष्पा बाईंना गाठून म्हणाली, "बाई, मी लेखीले बसत नाही."

"काय? काहून?"

"गल्लीतही तेच म्हणून राहिले. काल बाबानं विचारलं, पानीवाली कोण म्हणून. काय सांगू? बाई शिकवत होत्या तवा माझं ध्यान नव्हतं, असं सांगू?"

बाई हातातला खडू मोडत राहिल्या. पुष्पा निघून गेली.

प्रवेशपत्रं प्रयोगशाळेतच वाटायची होती. बाई एकेकीचं नाव पुकारत, पत्र हातात देत आणि विचारत, "नाम देख लो. ठीक है?" छापताना चुका होत, म्हणून हा प्रश्न. पुष्पाचं नाव पुकारलं. ती आली नव्हती. बाईंनी ते पत्र खाली ठेवलं. सगळ्यांचं वाटून होत आलं तेव्हा ती दारात दिसली. शेजारणीनं बळेच आणली असावी, कारण आत यायला पाय उचलत नव्हता.

"लो," विनीता म्हणाली, "पानीवाली आ गई."

पुन्हा तेच हसू. तीच खोली.

"पानीवाली पुष्पा नहीं है," वसुधाबाई म्हणाल्या. "पानीवाली मैं हूँ."

बाईंचे कान लाल झाले होते. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"इसने मुझसे पूछा था कि ऊर्ध्वपातन को हिंदी में क्या कहते हैं. मैंने बिना जाने कह दिया, वही. उसने वही किया जो मैंने सिखाया. और सर ने पूछा तो... तो मैंने झूठ बोला. ध्यान इसका नहीं, मेरा नहीं था."

विनीता आपल्या चपलांकडे बघत होती. बाईंनी उरलेलं पत्र उचललं आणि मराठीत म्हणाल्या, "ये पुष्पा. नाव बघून घे. बरोबर आहे?"

पुष्पा आत आली. तिनं पत्र डोळ्यांजवळ धरून हळूहळू वाचलं, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव.

"हो बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बरोबर आहे."

ती परीक्षेला बसली आणि पास झाली. तिचं टोपणनाव मात्र वाया गेलं नाही. पुढच्या वर्षापासून मुली वसुधाबाईंना पानीवाली बहनजी म्हणू लागल्या. बाईंच्या कानांवर ते येई. त्यांनी निवृत्त होईपर्यंत कुणाला दटावलं नाही.

मित्रांनो, मला वापरलंत तर धुऊन ठेवा, आणि काठाला सांभाळा. ठाऊक असलेला शब्दही समोरच्याला एकदा विचारून घ्या. आणि तुमच्यामुळे कुणाची मान चारचौघांत खाली गेली, तर त्याच चारचौघांत बोला. आतल्या खोलीत सांगितलेलं आतच राहतं. मी ते दारातून ऐकलेलं आहे.