दहावी खुर्ची

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी वर्गात गेले ती रागाने गेले, शिक्षणाची ओढ वगैरे काही नव्हती.

झालं असं की, दवाखान्यात एका दाराबाहेर मी अख्खी सकाळ बसून राहिले. दारावर कागद डकवला होता, डॉक्टर आज येणार नाहीत म्हणून. अगदी माझ्या डोक्यावर. लोक यायचे, कागद बघायचे आणि परत जायचे. मला वाटलं, बरं झालं, नंबर लवकर लागेल! शेवटी झाडणाऱ्या बाईला दया आली आणि तिने सांगितलं. मी घरी येऊन भांडी आपटली आणि पुढच्या आठवड्यात मिकलातमध्ये जाऊन नाव घातलं.

मिकलात म्हणजे बॉम्ब पडले तर लपायची जमिनीखालची खोली. इथे डिमोना गावात आमच्या इमारतींच्या मागेच आहे. लढाई नसेल तेव्हा तिथे बुधवारी मोठ्या माणसांचा वाचायचा वर्ग भरायचा. मोठी माणसं म्हणजे आम्ही बायकाच. निम्म्या मोरोक्कोच्या, निम्म्या आमच्या कोकणातल्या.

मी नागावची, तिथल्या ज्यू घरातली. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून दुसरीत शाळेतून काढलं ते काढलंच. सतराव्या वर्षी इथे आले, लग्न झालं, कापडाच्या गिरणीत उभं आयुष्य गेलं. हिब्रू बोलायला शिकले, भांडायला तर फारच छान शिकले. वाचायला कोणी शिकवलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

शिकवायला बीरशेबाहून नुरीत यायची. माझ्या मुलीच्या, ऐनातच्या वयाची पोर, पण आमच्यातल्या एकीलाही कधी हसली नाही. माझ्या शेजारी फ्रेहा बसायची. तिने सात मुलं वाढवली होती, आणि पेन्सिल अशी दाबायची की कागद फाटायचा. हिवाळा आला तोवर मला दुकानांच्या पाट्या यायला लागल्या होत्या. बसमध्ये बसले की मी मोठ्याने वाचत सुटायचे. ऐनात म्हणायची, "इमा, दाय! पुरे ना आई, लोक बघतायत." बघू देत. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बघत होतेच की.

पण अर्धवट वाचता येणं हा छळ असतो. शब्दाचं डोकं हाती यायचं आणि शेपूट सुटायचं. आणि नेमकं तेव्हाच नुरीत एका बुधवारी पडलेल्या चेहऱ्याने आली. म्हणाली, वर्गात दहा जण लागतात. दोघी सोडून गेल्या, आता नऊच उरल्या. पुढच्या बुधवारपर्यंत दहावं माणूस मिळालं नाही तर वर्ग बंद. मग बीरशेबाला यावं लागेल.

बीरशेबाला मी कुठली जाते? ऐनातची दोन मुलं दुपारी माझ्याकडे असायची. माझं वाचणं तिथेच, शब्दाच्या मध्यावर संपणार होतं.

"प्रार्थनेला दहा लागतात तसेच इथंपण दहा," मी फ्रेहाला म्हटलं. तिने वरच्या दिशेने हात जोडले.

मीही मनातल्या मनात नवस बोलले. दहावं माणूस मिळू दे, मलिदा करीन. आमच्यात नवस फेडायचा म्हणजे मलिदा. गूळ-खोबरं घालून कालवलेले पोहे, वर फळं, आणि ताटाभोवती बसून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याची प्रार्थना.

आठवडाभर मी दारोदार फिरले. कोणाला वाचता येत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्या माणसाला वाटतं की कोणाला ठाऊक नाही. लिलीने तर मला दारातूनच वाटेला लावलं. "मला सगळा येते. तुला कोण बोलला?" म्हणाली. आणि गेल्याच महिन्यात विजेचं बिल घेऊन ती माझ्या ऐनातकडे आली होती!

मंगळवारी जेवताना माझा तोल सुटला. आमचे हे, म्हणजे अहरोन, समोर माशाचे काटे काढत बसले होते. सगळी कामं सावकाश. लग्न झाल्यापासून मी त्यांना दिवसातून शंभरदा "आटपा" म्हणत आलेय.

"या गावात एकसुद्धा माणूस नाय," मी म्हटलं, "जो उभा राहून सांगेल की मला येत नाय म्हणून. सगळे भित्रे! मी गेले की नाय? माझं काय नाक कापलं गेलं?"

ते काटे ताटाच्या कडेला लावत राहिले.

यांच्याविषयी सांगायला हवं. मृत समुद्रावरच्या कारखान्यात पाळ्या करून रिटायर झालेला माणूस, पण आवाज असा की गावात कोणाकडे मलिदा असला की पहिलं बोलावणं यांना. मांडीवर पुस्तक, डोळे अर्धे मिटलेले, अडखळणं म्हणून नाही. देवळातही, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, पोरं यांच्याकडे बघून पानं उलटायची. घरी आलेली पत्रं मात्र कधी उघडायचे नाहीत. "चष्मा सापडत नाय," म्हणायचे आणि मुलांकडे द्यायचे. मी म्हणायचे, आळशी.

बुधवारी आम्ही नऊजणी खाली जमलो. दहावी खुर्ची रिकामीच. नुरीत फळा पुसायला लागली, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि आमचे हे खाली आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर शनिवारी प्रार्थनेला घालायची शब्बाथची टोपी.

"माझं नाव लिही," ते नुरीतला म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासाठी खोटं बोलायला आले होते, आणि तेही सगळ्यांसमोर! मी मराठीत दटावलं, "अहो, घरी जा. इथं खुर्ची भरायला माणूस नको. ज्याला वाचता येत नाय त्याच्यासाठी हाय हा वर्ग."

"मग मी बरोबर आलो," ते म्हणाले.

नुरीतला शब्द कळले नाहीत, पण काहीतरी कळलं. तिने फळ्यावर एक शब्द लिहिला आणि विचारलं, "हे काय आहे?"

घर. बायित. आमचा पहिल्या आठवड्यातला शब्द. मला आपसूक ओठांवर आला. हे फळ्याकडे बघत उभे राहिले. कपाळावर घाम आला. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यासमोर बसून जेवलेय, पण तो असा कधी पाहिला नव्हता.

"मला येत नाही," ते हिब्रूत म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात. "बाप म्हणायचा ते ऐकून पाठ केलं. पुस्तक नुसतं धरतो."

फ्रेहा उठली, दहावी खुर्ची पुढे ओढली, आणि पदराशी बांधलेल्या किल्ल्या असाव्यात तशा तिच्या बांगड्या वाजल्या. "बस, अहरोन," ती म्हणाली. "पेन्सिल आहे का?"

नवऱ्याला थँक्यू म्हणायची पद्धत आमच्यात नाही. घरी जाताना मी नुसतं विचारलं, "माझ्यासाठी आलात?"

"अर्धा तुझ्यासाठी," ते म्हणाले. "अर्धा मला कंटाळा आला चष्मा हरवायचा."

मी रस्त्यातच रडले. माझ्या वर्गासाठी या माणसाने गावातली सगळी अब्रू उतरवून त्या फळ्यासमोर ठेवली होती, आणि त्याची परतफेड मला या जन्मी जमणार नव्हती.

मलिदा मी लगेच करणार होते. हे म्हणाले, "थोडे महिने दे." दिले. उन्हाळ्यात मिकलातमध्येच ताट मांडलं. वर्ग आला, नुरीत आली, देवळातली माणसं आली. मी पोहे कालवले, सफरचंदाच्या फोडी रचल्या, आणि यांनी पुस्तक उघडून पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

सगळं तोंडपाठ होतं. डोळे मिटून म्हणाले असते तर कोणी काही बोललं नसतं. पण यांचं बोट एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर सरकत होतं आणि आवाज त्याच्या मागोमाग. अडखळले, मागे गेले, पुन्हा म्हणाले. एका ओळीला इतका वेळ लागला की सफरचंदाच्या फोडी तांबूस पडायला लागल्या.

शेजारी बसलेल्या, देवळातल्या हिलेल नावाच्या पोराला राहवलं नाही. "अहरोन अंकल," तो हळूच म्हणाला, "पाठ म्हणा ना. लोक थांबलेत."

बायका आमच्यात अशा वेळी मागे बसतात आणि गप्प असतात. मी उभी राहिले.

"थांबू देत," मी म्हटलं. "ते वाचतायत."

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आटपा म्हटलं नाही.