आमचं राहिलंय

नळाखाली रिकामी कळशी धरून उभी असलेली महेजबीन डोळ्यांसमोर आण. वय चौदा. नळ नुसता फुसफुसतो आहे. ती कळशी तुझ्या हातात असती तर तू काय केलं असतंस, तेवढं मनात ठेव आणि पुढं वाच.

मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही पाऊण तास. आज लाइनमननं पाणी सोडून वीस मिनिटं झाली होती. अम्मी सकाळीच वाळूजच्या कारखान्यात गेली होती. भिंतीपलीकडं गोजरबाईंची मोटार घरघरत होती. सगळं पाणी ती ओढते आहे, हे महेजबीनला कळत होतं. मागच्या वेळीही कळलं होतं. तेव्हा ती गप्प बसली आणि संध्याकाळी, "पाणी आलंच नाही," एवढंच म्हणाली. मग आठवडाभर अम्मी ड्यूटीवरून आल्यावर चौकातल्या बोअरवरून हंडे आणत राहिली. रागावली नाही. काल उंबऱ्यात हंडा हातातून सुटला, तेव्हा ती त्या ओल्यातच बसून राहिली. महेजबीननं ते पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

तिनं कळशी खाली ठेवली आणि शेजारी गेली.

गोजरबाई ओट्यावर पारूबाईंसोबत मेथी निवडत होत्या.

"ये गं माय," गोजरबाई म्हणाल्या. "ही बघ पारूबाई, लई गुणाची पोरगी. चार वर्षं झाली शेजारी राहून, तोंडातून शब्द नाय. नायतर आमची नात, नुसता भोंगा!"

महेजबीननं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मोटार..."

"काय म्हनली?"

मोटारीच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नव्हतं. परत फिरता आलं असतं. आपल्या घराचं दार चार पावलांवर होतं.

"आजी, मोटार बंद करा. आमच्याकडं पाणी येत नाही."

"अगं माय!" पारूबाईंची जुडी हातातच राहिली. "हिला बोलता येतं व्हय!"

गोजरबाई हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी बटण बंद केलं आणि दारातच थांबल्या.

"मला वाटलं, तुमचं भरून होतंय. मागल्या बारीला पण नव्हतं आलं?"

"नाही."

"अन् त्याच्या आधी?"

महेजबीननं नाही म्हणून मान हलवली.

"मंग सांगायचं ना गं," गोजरबाई हळूच म्हणाल्या.

घरी नळाला बोटभर धार लागली होती. कळशी भरली, दोन हंडे भरले. तिला आनंद वगैरे झाला नाही. हात भांडी बदलत राहिले. निळ्या टिपाडात वीतभर पाणी चढलं असेल-नसेल, तेवढ्यात बाहेर लोखंड खणखणलं. लाइनमननं पाणी बंद करायला लांब चावी लावली होती.

ती अनवाणीच बाहेर आली.

"काका, थांबा."

"टाइम झाला," तो वाकलेलाच म्हणाला. "कोणाचं राहिलंय?"

ओट्यावर गोजरबाईंनी मान खाली घातली.

"आमचं," महेजबीन म्हणाली, आणि तो वर बघेपर्यंत तिथंच उभी राहिली.