वाकलेली मोहरी

घुम्याचे आकडे फार शहाणे होते, आणि मॅडमना नेमकं तेच खटकत होतं. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने विकत आणलेला प्रबंध मार्गदर्शक म्हणून त्यांच्या सहीनिशी पुढे गेला आणि ऐनवेळी पकडला गेला. तेव्हापासून त्यांचे हात पोळलेले. पोरं स्वतः संशोधन करतात, यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

घुम्या हा त्यांचा यंदाचा विद्यार्थी. तोंडाला कायम कुलूप. बंद खोक्यात, काळोखात मोहरी किती उंच वाढते ते तो पाहत होता. रोज संध्याकाळी, रोपांवर परिणाम होऊ नये म्हणून मंद हिरव्या दिव्यात मोजायचा, आणि मोहरी आपली रोज शिस्तीत वाढलेली. एक रोप मेलं नाही की एक आकडा घसरला नाही. खोक्यात मोहरी आहे तरी का, अशी मॅडमच्या मनात पाल चुकचुकली.

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. प्रयोग बाद झाला तर पोराचं वर्ष बुडणार. खोटा निघाला तर मॅडमची उरलीसुरली अब्रू जाणार. घुम्या जेवायला गेल्याचं पाहून त्यांनी कोठीतला खोका उचलला, आपल्या खोलीत खिडकीपाशी ठेवला आणि झाकण काढलं. मोहरी होती. पिवळट, लांबुडकी, सरळ उभी. तेवढ्यात फोन आला आणि बोलण्यात बराच वेळ गेला. मग खोका गुपचूप जागेवर.

संध्याकाळी घुम्या मॅडमच्या खोलीच्या दारात उभा.

"मॅडम, प्रयोग फसला. सगळी रोपं एकाच बाजूला वाकलीत."

मॅडमना कळून चुकलं. आकडे बनवणारा हे सांगायला कशाला आला असता?

"झाकण तूच नीट लावलं नसशील," त्या म्हणाल्या, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"आधी मलाही तसंच वाटलं. पण कोठीतला दिवा डोक्यावर आहे. त्याने रोपं अशी वाकली नसती. उजेड बाजूने आलाय, खिडकीचा."

त्या मजल्यावर खिडकी एकाच खोलीला होती. घुम्याची नजर मॅडमच्या त्या खिडकीवर होती.

"मी भांडायला नाही आलो, मॅडम. खोका किती वेळ उघडा होता तेवढं सांगा. प्रबंधात लिहावं लागेल."

"अर्धा तास," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "कोणी उघडला तेही लिही. नवी मोहरी पेर, मुदत मी समितीकडून वाढवून आणते."

"समितीला कारण काय सांगाल?"

"माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, हेच."