रुखवतातलं तिसरं रीळ

पापड भरायला सिनेमाच्या रिळाच्या डब्यासारखा दुसरा डबा नाही, हे मी लोटनभाऊंच्या घरी शिकलो. पत्र्याचा, चपटा, गोल, घट्ट झाकणाचा. उडदाचा पापड आत असा बसतो की डबा त्याच्याच मापाने घडवला असावा. लोटन अहिरराव यांचं धुळ्यात लाउडस्पीकरचं आणि फोटोचं दुकान होतं, शिवाय जत्रांत सिनेमे दाखवायचं सोळा एमएमचं एक जुनं मशीन. पुढे जत्रेतले सिनेमे थांबले, रिळं गेली, डबे उरले. ते त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, घासूनपुसून स्वयंपाकघरात घेतले. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं, त्याला गाढवपणा यापेक्षा सभ्य शब्द मला अजून सापडलेला नाही.

अठ्ठ्याऐंशी सालचा एप्रिल. मी पितांबर सोनवणे, कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि आमच्या साठ सभासदांच्या फिल्म सोसायटीचा सचिव होतो. सचिव म्हणजे खुर्च्या मांडायच्या, मशीन फिरवायला लोटनभाऊंना गळ घालायची आणि सिनेमा कळला नाही की लोकांचे टोमणे ऐकायचे. बाहेरचे गंभीर सिनेमे लागले की निम्मे सभासद मध्यंतरात घरी जात. म्हणून या खेपेला मी हट्टाने माझ्या आवडीचा, इंग्रजांच्या जुन्या चोरीच्या विनोदी सिनेमांपैकी एक मागवला होता.

पुण्यात शिकत असताना या सिनेमांनी मला वेड लावलं होतं. त्यातले चोर म्हणजे गरीब बापुडे कारकून, पेन्शनर, फार तर एखादा कर्जबाजारी मेजर. आणि ते नट! आपल्याकडे विनोदी नट डोळे फिरवतो, आपटतो, ओरडतो. हे लोक काहीच करत नाहीत. तिजोरी फोडायला निघालेला माणूस दारातल्या पहारेकऱ्याला टोपी काढून नमस्कार करतो, मध्येच चार वाजले म्हणून चहा पितो. एक उंच नट तर सारखा दहाव्याला आल्यासारखा चेहरा करून असायचा, आणि तो नुसता घड्याळाकडे बघायला लागला की मी खुर्चीवरून पडायचा बाकी राहायचो. योजना नेहमी चोख असते. एकच क्षुल्लक गोष्ट फसते, आणि शेवटी सगळे पकडले जातात. चोर सुटलेला त्या काळी चालायचाच नाही म्हणे.

आमच्या सिनेमात चार कारकून महापौराचा चांदीचा करंडक पळवतात आणि बँडच्या ढोलात घालून भर मिरवणुकीतून नेतात. तीन रिळं होती. चोरी आणि पकडापकडी तिसऱ्यात. मुंबईहून पेटी रेल्वेने जळगावला आली, ती मी बुधवारी एसटीने धुळ्याला आणली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, फिल्म थंड जागी ठेवावी. लोटनभाऊंच्या घरात थंड जागा एकच, स्वयंपाकघरात माठाशेजारची फळी. तिथे मी माझ्या हाताने तिन्ही डबे ठेवले. शेजारी पापडाचे डबे होते. दोन रिळांवर चिठ्ठ्या होत्या, तिसऱ्याची चिठ्ठी कधीच गळून गेली होती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दुकानात मशीन तपासायला बसलो. पहिलं रीळ छान चाललं, दुसरंही. तिसरा डबा लोटनभाऊंनी उघडला आणि तसेच बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"पापड शेतस, सर," ते म्हणाले.

मला हसू आलं. मी हसतच घरात, माठाशेजारच्या फळीपाशी गेलो. फळी रिकामी होती. सुनंदाबाईंच्या भावाची, छगनभाऊंची मुलगी मंजुळा हिचं दुसऱ्या दिवशी जामनेरला लग्न होतं, नवरदेवाच्या दारी. रुखवताचे पाच डबे पापड आत्याकडून जाणार होते. सुनंदाबाईंनी दुपारी पाच डबे मोजले, प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हमालाकडून टेम्पोत चढवले आणि त्याच टेम्पोत बसून जामनेरला गेल्या. आता माझं हसू थांबलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला माझीच काळजी वाटली. फिल्मच्या कागदावर सही माझी होती आणि शनिवारी खेळ होता. पण लोटनभाऊ स्टुलावर बसले, आणि त्यांना काळजी वेगळीच होती.

"रिळाचं सोडा सर. पोरीचं काय व्हई? तिचं एक जमेल लगीन मोडेल शे. ह्या लोकेसनी हो म्हणाले सहा महिने लायात. आते भर मांडवमा विहीण डबा उघाडी आनि मजारतीन काळी पट्टी निंघी."

मंजुळाचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं, हे मला ठाऊक होतं. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आमच्याकडे रुखवत विहीण उघडते, सगळ्या बायकांसमोर, एकेक डबा. लग्नात काळं कापडसुद्धा कोणी आणत नाही, आणि इथे हातभर काळ्या पट्टीचं वेटोळं. कुणी अपशकुन म्हणेल, कुणी भंगार भरून पाठवलं म्हणेल. आणि काहीही म्हणाले तरी ते मंजुळाला म्हणतील, आणि जन्मभर म्हणतील. मी त्या मुलीला दोनदाच पाहिलं होतं. एकदा तिने मला पाणी दिलं होतं आणि सरांना गूळ पाहिजे का, असं विचारलं होतं.

फोन करावा तर जामनेरच्या त्या घरी फोन नव्हता, आणि असता तरी निरोप ज्याच्या कानी जायला नको त्याच्याच हाती पडला असता. पहाटेच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. माझ्या झोळीत पापडांचा डबा, लोटनभाऊंच्या गळ्यात कॅमेरा. बेत मी आखला. आयुष्यात सिनेमे बघून जेवढी अक्कल आली होती तेवढी सगळी मी त्यात घातली. लोटनभाऊ रुखवताचा फोटो काढणार. फोटोवाल्याला मांडवात कोणी काही विचारत नाही. तो नवरदेवाच्या बापालाही सरका म्हणू शकतो. बायकांना तो टेबलापुढे उन्हाकडे तोंड करून उभं करील. डबे नीट मांडायच्या निमित्ताने मी टेबलामागे जाईन. रिळाचा डबा जड, पापडाचे हलके. जड तो झोळीत, झोळीतला टेबलावर.

"सोपं शे," लोटनभाऊ म्हणाले. जळगाव येईपर्यंत त्यांनी ते चार वेळा म्हटलं. सिनेमातही हेच म्हणतात.

जळगावला गाडी बदलताना पाऊण तास गेला. जामनेरला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते, मुहूर्त साडेबाराचा. मांडवात शिरताच सुनंदाबाई भेटल्या. लोटनभाऊंनी त्यांच्या कानात सांगितलं. बाईंच्या हातातला अक्षतांचा तांब्या खाली पडला नाही, एवढंच. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्हाला ठेवायला दुसरी जागा मिळाली नाही?"

रुखवत मांडवाच्या कडेला, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर होतं. शेवयांच्या टोपल्या, सांडग्या-कुरडयांची ताटं, लोकरीचा ससा, आणि मधोमध पाच डबे, पाच स्वस्तिकं. लोटनभाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडले, "चला, रुखवताचा फोटो! बाया पुढे या!" बायका आल्या. पदर सारखे करत, उन्हाला डोळे बारीक करत उभ्या राहिल्या. मी टेबलामागे वाकलो.

पहिला डबा उचलला. हलका. दुसरा हलका. तिसरा हलका. चौथाही जेव्हा हलकाच निघाला तेव्हा मी मनात म्हटलं, ठीक, पाचवा. पाचवा उचलला. तोही हलका.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भीतीने माणसाच्या हाताला वजन कळेनासं होत असेल, असं मला खरंच वाटलं. लोटनभाऊ तिकडे फोटोवर फोटो काढत होते. कॅमेऱ्यातला रोल केव्हाच संपला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

"डबे काबरं उचलू राह्यले, भाऊ?"

मी वर पाहिलं. समोर हिरव्या शालूतली, साठीला टेकलेली बाई. नवरदेवाची आई, द्रौपदाबाई.

"फोटोत नीट यावेत म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या झोळीकडे. "नीट मांडा मंग," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी झोळी सावरून बाजूला झालो. लोटनभाऊ धावत आले. "गवसना का?"

"पाचही हलके आहेत."

"मंग रीळ कोठे गयं?"

रीळ कुठे गेलं! टेम्पोतून पडलं, वाटेत कुणी घेतलं, की या घरातल्या कुणी उघडून पाहिलं आणि आता सगळ्यांसमोर बाहेर काढायला जपून ठेवलं? हा शेवटचा विचार आला आणि मी झोळी घट्ट धरली. द्रौपदाबाईंची झोळीवर टेकलेली नजर डोळ्यांपुढून हलेना. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माझ्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटून मुठीतच राहिल्या. मंजुळा खाली मान घालून उभी होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि मला ते पाहवेना.

मग रुखवत उघडायला बायका जमल्या. पुढे नवरदेवाकडच्या म्हाताऱ्या, ज्यांचं काम दोष काढणं हेच असतं. सुनंदाबाई खांबाला धरून उभ्या होत्या. द्रौपदाबाईंनी पहिला डबा उघडला. पापड. दुसरा उघडला. पापड. तिसऱ्यावर एक म्हातारी पुढे वाकली, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाचवा डबा उघडा होता, काठोकाठ पापड. द्रौपदाबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मीठ बरोबर हाये," त्या मोठ्याने म्हणाल्या. म्हाताऱ्या सांडग्यांकडे वळल्या.

सुनंदाबाई खांबाला पाठ टेकून खालीच बसल्या. मुलगी वाचली होती, कशी ते कोणालाच कळत नव्हतं. पंगतीत मी ताटातला भात नुसता चिवडत बसलो. लोटनभाऊ मात्र तीन वाट्या वरण प्याले. त्यांना भीतीने भूक लागते.

जेवणं उरकल्यावर एक बाई निरोप घेऊन आली, फोटोवाल्यासोबतच्या सरांना आत बोलावलंय. मी गेलो. द्रौपदाबाई धान्याच्या खोलीत एकट्याच होत्या. त्यांनी गव्हाच्या कोठीत हात घातला आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. मी कापड उलगडलं. आत माझं रीळ होतं.

"झोयीतला डबा काढा," त्या म्हणाल्या.

मी काढला. त्यांनी त्यातले पापड परातीत ओतून घेतले आणि रिकामा डबा मला परत दिला. "माह्या घरचे पापड तुमच्या डब्यात गेले. हे माहे झाले."

"तुम्ही कधी पाहिलंत?" मी विचारलं.

"सकायी. बठ्ठे उठायच्या आंधी. पोरगी घरात येते, तिचं बठ्ठं मी पह्यले एकटीनं उघडून पाहते. थोरलीच्या येळेसबी पाह्यलं व्हतं."

मी माझी चूक सांगायला तोंड उघडलं. फळी, माठ, चिठ्ठी, सगळं. त्यांनी हातानेच थांबवलं.

"माह्या लगनात सासूनं डबा उघडला, त शेवयाइत किडे निघाले. बठ्ठ्या मांडवानं पाह्यले. तवापासून मी किड्यावाली. सासू मेली, तिच्या बरोबरीच्या मेल्या. पन गल्लीत अजून कोनी कोनी म्हनते. आज माह्या पोराचं लगीन, आज सकायीबी एकीनं म्हटलं." त्यांनी पापडांची परात आत सरकवली. "मंजुळाले सांगू नका. तिच्या बापालेबी नका सांगू."

मला फार लाज वाटली. मी सिनेमे पाहून बेत आखत बसलो होतो, आणि या बाईने चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अपमानातून आपला बेत आखून सकाळीच पुरा केला होता. मी वाकून नमस्कार केला.

"यात काय हाये?" त्यांनी रिळाकडे बोट दाखवलं.

"सिनेमा. चार चोर आहेत. हसायचा सिनेमा."

"सापडतेत?"

"हो. शेवटी सापडतातच."

"मंग त्याइच्यात बाई नसंन," त्या म्हणाल्या आणि पाहुण्यांना कुंकू लावायला बाहेर गेल्या.

शनिवारी धुळ्यात खेळ झाला. तिसऱ्या रिळात चारही कारकून पकडले गेले, त्या उंच नटाने बेड्या घालून घेताना शिपायाला टोपी काढून नमस्कार केला, आणि आमचे साठ सभासद पोट धरून हसले. एकही मध्यंतरात घरी गेला नाही. मी मशीनजवळ उभा होतो. रिळाच्या काठाला गव्हाचा एक दाणा चिकटलेला होता, तो काढून मी खिशात टाकला.

पुढे जामनेरला दोन-चारदा जाणं झालं. मंजुळाला दोन मुलं आहेत. गल्लीत तिला सगळे मंजुळाबाई म्हणतात. दुसरं काही म्हणत नाहीत.