माझ्या पोटात काही राहत नाही

मित्रांनो, मी एक जुना हब. विद्यापीठाच्या नेटवर्कच्या प्रयोगशाळेत मला सगळे चोंबडा म्हणतात, आणि त्यात खोटं काहीच नाही. मी म्हणजे एक चपटी डबी. पाठीला वायरी खोचायच्या आठ जागा, पुढे तेवढेच हिरवे दिवे आणि कोपऱ्यात एक लाल. सगळे कॉम्प्युटर वायरींनी मला जोडायचे. एकानं काही सांगितलं, की मी ते बाकीच्या सगळ्यांना सांगून मोकळा. निरोप कुणाचा आहे हे मी बघत नाही. ज्याचा असेल तो घेतो, बाकीचे सोडून देतात. त्या निरोपांत असतं तरी काय, हे जाणून घ्यायची मला भारी हौस. पण मला वाचता येत नाही. साऱ्या गावाच्या बातम्या माझ्यातून जाणार आणि मी मात्र कोरडाच.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पाठीत एकेक वायर खोचून पाहिली. शेवटचा दिवा लागला तेव्हा "शहाणा रे माझा" म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. मी इथे आलो तेव्हा हा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. पहिल्या तासाला सर मला हातात उंच धरून दाखवायचे आणि मुलं माझ्याभोवती गर्दी करायची. एका टेबलावरचा निरोप दुसऱ्या टेबलावर उमटला, की वर्गात आनंदीआनंद. मीही मनातल्या मनात फुगायचो.

मग आला स्विच. दिसायला माझाच धाकटा भाऊ, पण तोंडाचा पक्का. कोण कुठल्या वायरीवर बसलंय ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच सांगतो. त्याच्यापुढे माझं काय चालणार? माझी रवानगी कपाटात झाली. मला वीज देणारा माझा अ‍ॅडॉप्टरसुद्धा कुणीतरी दुसऱ्या यंत्राला लावायला नेला. अ‍ॅडॉप्टरशिवाय मी म्हणजे नुसतं डबडं. फार वाईट वाटलं. त्या अंधारात एकच विचार यायचा, बाहेर आता काय बोलत असतील?

एका सकाळी कपाट उघडलं. नव्या मॅडम होत्या, आणि त्यांच्या मागे उभी होती वर्गातली मावशी. ही मावशी पूर्वी एका दवाखान्यात टेलिफोन बोर्डावर होती. बोर्ड गेला, काम गेलं, तेव्हा तिनं आपल्या लेकीबरोबर इथे प्रवेश घेतला. आई आणि लेक एकाच वर्गात.

"मॅडम, बोर्डावर मी स्वतः दोर जोडायचे," मावशी सांगत होती. "कुणाचा फोन कुणाला गेला ते डोळ्यांपुढे असायचं. इथे वायर स्विचात जाते आणि पुढे सगळा अंधार. नुसतं पाठ तरी किती करू?"

"म्हणून तर याला काढतेय," मॅडम म्हणाल्या. "हा सगळं चव्हाट्यावर मांडतो."

माझा अ‍ॅडॉप्टर शोधता शोधता मॅडमच्या नाकी नऊ आले. शेवटी तो एका बंद प्रिंटरखाली सापडला. लेक मला पुसायला बसली आणि हळूच म्हणाली, "आई, आज नाही कळलं तर खरंच सोडणार?"

"सोडणार. तुझ्या वर्गात बसून तुझं हसं कशाला करू?"

"कुणी हसत नाही गं."

"माझ्यासमोर हसत नाहीत. तेच तर लागतं."

हे मी ऐकलं. एवढ्या वर्षांनी बाहेर आलो आणि हे ओझं माझ्यावर!

प्रयोग सोपा होता. लेकीनं समोरच्या उंच मुलाला निरोप धाडायचा आणि माझ्यातून जाताना तो मावशीच्या पडद्यावर दिसायचा; येईल ते सगळं दाखव, असं मॅडमनी तिच्या कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलं होतं. लेकीनं बटण दाबलं. माझा लाल दिवा पेटला तो विझेचना. आत नुसता गोंगाट, कुणाचं कुणाला कळेना. मॅडम एकेक कॉम्प्युटर तपासू लागल्या.

"चोंबडा गेला वाटतं," उंच मुलगा म्हणाला. "भंगारात द्या आता."

मावशीनं पिशवी आवरायला घेतली. मग थांबली. माझ्या लाल दिव्याकडे बघत राहिली आणि एकेका वायरीवरून बोट फिरवू लागली. एक वायर माझ्यातून निघाली होती, टेबलावरून वळसा घालून परत माझ्यातच शिरली होती.

"अगं बाई, ही तर मीच लावली," ती म्हणाली. "बोर्डावर दोर लोंबता ठेवला की बोलणी बसायची. इथे मोकळं टोक दिसलं, मोकळी जागा दिसली, दिलं खोचून."

मावशी स्वतःशीच बोलावं तसं पुढे बोलत गेली. "म्हणजे हा जे बोलतो ते फिरून याच्याच कानात येतं. हा तेच पुन्हा सांगतो. आपलंच आपण ऐकत बसल्यावर दुसऱ्याला बोलायला जागा कुठली?"

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते."

मावशीनं ते टोक उपसलं. लाल दिवा विझला, हिरवे लुकलुकले आणि निरोप सुटला.

"हा माझ्यासाठी नाहीये बहुतेक," उंच मुलगा म्हणाला.

मावशीच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा आल्या आणि त्यांच्या कडेला अक्षरं. तिनं चष्मा वर सारला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "आई, उद्या पण ये."

मित्रांनो, आयुष्यभर मी निरोप वाहिले. त्यातला हा पहिला मला कळला.

आता मी भंगारात जात नाही. माझं एवढंच मागणं आहे. जे कळलं नाही ते मावशीसारखं विचारून टाका, पोटात ठेवू नका. आणि जुनी वस्तू आत ठेवताना तिचं जे असेल ते तिच्याजवळच ठेवा. त्या दिवशी तास संपल्यावर मॅडम मला कपाटात ठेवायला निघाल्या, तेव्हा मावशीनं त्यांना थांबवलं. पिशवीतली सुतळी काढून तिनं माझा अ‍ॅडॉप्टर माझ्याच अंगाला घट्ट बांधला.

"असू द्या," ती म्हणाली, "उद्या आल्यावर मला लागेल."