उभ्यानं घ्यायचा प्रसाद

टेक्सासमधल्या अर्विंगच्या चर्चमध्ये रत्ना तुस्कानोला उपासनेच्या कमिटीवर घेतलं, तेव्हा तिनं वसईला चार घरी फोन केले. कमिटीवर ती एकटीच भारतीय. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात कमिटीनं नवा नियम घातला: कम्युनियनचा प्रसाद सगळ्यांनी उभ्यानंच घ्यायचा, गुडघे टेकायचे नाहीत. पत्रक टाइप केलं ते रत्नानंच. ऑफिसात ती सॉफ्टवेअरच्या चुका शोधायची. नियम म्हटला की तिला हुरूप यायचा.

जुलैत तिची सासू, इसाबेलबाई, सहा महिन्यांसाठी आली. वय बहात्तर, इंग्रजीचा गंध नाही. "आई, इथं उभ्यानं घेतात," असं रत्नानं तिला दोनदा बजावलं. म्हातारीनं मान डोलावली.

रविवारी ती नेमकी रत्नाच्याच रांगेत आली. रत्ना त्या दिवशी प्रसाद वाटायला उभी होती. समोर येताच इसाबेलबाईंनी जन्मभराच्या सवयीनं फरशीवर गुडघे टेकले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"आई, उठा," रत्ना कुजबुजली.

म्हातारी हलली नाही. कमिटीची माणसं पहिल्याच बाकावर बसली होती. रत्नाचे कान तापले. तिनं हात मागे घेतला आणि मागच्या माणसाला बाजूनं पुढे यायची खूण केली. एक, दोन, पाच माणसं म्हातारीला वळसा घालून प्रसाद घेऊन गेली. शेवटी रत्नाच्या नवऱ्यानं, उल्हासनं, येऊन आईला काखेत धरून उठवलं.

"देऊन टाकायचं ना यार," तो गाडीत म्हणाला.

"मग नियम कशाला केला?" रत्ना म्हणाली.

दुपारी उल्हास झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

"रत्ना, तुला कसं कळलं गं?"

"काय कळलं?"

"माझं पाप. म्हणून नाही दिलंस ना?"

आणि बावन्न वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. तेव्हा कम्युनियन घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पहिलटकरीण, सातवा महिना. सणाच्या सकाळी भूक सोसवेना म्हणून सुकेळ्याचा एक तुकडा खाल्ला. मग रांगेत गेली नसती तर सासूनं कारण विचारलं असतं. गेली. महिन्याभरात मूल पोटात मेलं. "फादरना कधी सांगितलंच नाही. तसंच घेत राहिले इतकी वर्षं."

तो मध्यरात्रीचा नियम चर्चनं केव्हाच मोडीत काढला होता. आता तासभराचा उपास पुरे, हे रत्ना दर वर्षी नव्या लोकांना शिकवायची. आई, मी फक्त गुडघ्यांमुळे दिलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण लग्नानंतर ह्याच बाईनं तिच्या हातचा रस्सा शेजारणींसमोर मोरीत ओतला होता. आता तीच हात जोडून उभी होती, आणि रत्नाला ते बघायला बरं वाटलं.

"ते तुमचं आणि देवाचं," ती म्हणाली. "मी काय सांगणार?"

त्यानंतर इसाबेलबाई रविवारी जागेवरच बसून राहू लागल्या.

सप्टेंबरात फादर केविन घरी आले. गुडघे टेकणाऱ्याला कुणी नाकारायचं नाही, असं बिशपचं पत्र आलं होतं. ते म्हातारीसमोर खुर्ची ओढून बसले. "आमचं चुकलं. मी माफी मागायला आलोय. त्यांना सांग, खुशाल गुडघे टेकून घ्या."

रत्ना सासूकडे वळली. "फादर म्हणतात, तब्येत सांभाळा."

इसाबेलबाईंनी फादरचा हात दोन्ही हातांत धरला. "त्यांना विचार, मी आत्ता सगळं सांगितलं तर मला माफी मिळेल?"

"काय म्हणाल्या?" फादरनी विचारलं.

"थँक यू म्हणतायत. गुडघे दुखतात, त्यामुळे बसूनच बरं वाटतं त्यांना."

फादर हसले. म्हातारी त्यांच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत होती. तिनं रत्नाला विचारलं, "हसले का गं?"

"आता त्याचा काही उपयोग नाही म्हणाले."

इसाबेलबाईंनी त्यांचा हात हळूच सोडला.

जानेवारीत त्या परत गेल्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात नणंद सरलाचा वसईहून फोन आला: आई इथंही कम्युनियनला उठत नाही, विचारलं तर रडते.

"वय झालंय," उल्हास म्हणाला.

"हो ना," रत्ना म्हणाली.

ऑगस्टमध्ये म्हातारी गेली. शेवटच्या दिवशी तिथले फादर प्रसाद घेऊन घरी आले, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते जाईपर्यंत वळली नाही. हे सांगताना सरलाला हुंदका आवरेना. उल्हास फोन कानाशी धरून जमिनीवरच बसला.

रत्नानं लॅपटॉप उघडला आणि मुंबईची फ्लाइट शोधायला लागली.