पोटात बसवलेली देवी

सापगावात संजीवनीच्या अंगणात चप्पल ठेवायला जागा नव्हती. पार मुरबाडहून जीप भरभरून माणसं येत होती. एकशे दहा किलोची बाई चार महिन्यांत ऐंशीवर आली होती. शुगर तर पहिल्याच आठवड्यात उतरली होती, आणि दोन घासांत तिचं पोट भरत होतं.

"मी तिच्या पोटात देवी बसवलीय!" अनंताबाबा गर्जत होता. "आता देवी जेवते, बाई नाय जेवत! पोटावर देवीची पाच बोटं उमटलीत!"

बायका आत जाऊन पाच बारीक व्रणांना हात जोडून येत. बाबाने पेढा भरवला की थोड्याच वेळात संजीवनीला दरदरून घाम फुटे, हातपाय कापत. "आली, आली!" लोक ओरडत. बाकीच्यांची शुगर बाबा लिंबात उतरवी. "चाटू नका, गोड लागतील," अशी ताकीदही देई.

मी तिथल्या उपकेंद्रातली नर्स. त्या दिवशी तिच्या घरी गेले ती गावातल्या मधुमेही नवसूकाकांसाठी. बाबाच्या सांगण्यावरून त्यांनी आठ दिवस इन्सुलिन बंद केलं होतं. ओटीवर बसल्या जागी ते डुलत होते, जीभ कोरडी पडली होती. बोटातला रक्ताचा थेंब शुगरच्या मशीनला लावला. पडद्यावर दोनच इंग्रजी अक्षरं उमटली: हाय.

"बघा! मशीनपण देवीला हाय करतंय!" बाबा ओरडला. गर्दीने टाळ्या वाजवल्या.

"अहो, शुगर इतकी वर गेलीय की मशीनला मोजता येत नाही! जीप काढा!"

"लिंबू आणा!" बाबा म्हणाला. चौघं लिंबासाठी पळाले. जीपकडे एकही नाही.

तेव्हा संजीवनी उठली.

"जीप काढा म्हणते ना! बाबानं काय नाय केलं. माझं मुंबईला वजन उतरवायचं आप्रेशन झालंय. ती बोटं नाय, दुर्बिणीची भोकं हायेत."

"मग बोलली का नाय गो?" शेजारच्या सकुबाईंनी विचारलं.

"तुमी मला रणगाडा म्हणायचात. पोट कापलं म्हटलं असतं तर अजून हसला असतात. देवी म्हटल्यावर पाया पडलात."

नवसूकाकांना शहापूरला नेलं. तीन दिवस सलाइन आणि इन्सुलिन चाललं.

नंतर त्याच अंगणात मी सगळ्यांना समजावलं. ऑपरेशनमध्ये जठर लहान करतात आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जोडतात. भूक लावणारं संप्रेरक कमी होतं. अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोचतं, तिथली संप्रेरकं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. म्हणून वजन उतरायच्या आधीच शुगर उतरू लागते. पण पेढ्याची साखर एकदम आतड्यात गेली की घाम फुटतो, छाती धडधडते. डॉक्टरांनी तिला गोड बंद सांगितलं होतं आणि बाबा रोज भरवत होता!

"मग देवी?" सकुबाईंचा प्रश्न.

"देवी देवळात," संजीवनी म्हणाली. "माझ्या पोटात वाटीएवढीच जागा हाय."

बाबा तोवर गाव सोडून गेला होता.

माझं म्हणणं साधं आहे. शरीरात काही बदललं, तर त्याचं कारण शरीरातच शोधा. विचारा, तपासून घ्या. आणि चालू औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. नवसूकाका वाचले. आणखी दोन तास लिंबं उतरवत बसलो असतो, तर ही गोष्ट मला हसत सांगता आली नसती.